फॉस्फो-स्टॅट-१ चा बँड येतच नाहीये, अँटीबॉडी बदलावी का?

रानजाई | मंगळवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. इथे लॅबमध्ये काम करणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय, लांबलाय, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय कोणाला मदत करता येणार नाही.

मी पुण्यात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. उंदराच्या मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या पेशींवर) काम आहे. इंटरफेरॉन गॅमा दिल्यावर स्टॅट-१ हे प्रोटीन ॲक्टिव्हेट होतं का, म्हणजे त्यावर फॉस्फेट बसतो का, हे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन जेलमधून मेम्ब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने बँड बघायचा) दाखवायचंय, एवढी साधी गोष्ट, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अँटीबॉडी सशाची मोनोक्लोनल आहे, टायरोसीन ७०१ वर फॉस्फेट असलेला स्टॅट-१ तेवढाच ओळखणारी. पेशींना २० नॅनोग्रॅम प्रति मिली इंटरफेरॉन दिलं, १५, ३० आणि ६० मिनिटांनी पेशी फोडून लायसेट केले. तीन वेळा ब्लॉट केला आणि तिन्ही वेळा कोरा. सगळी प्रोटीन दाखवणारा पॉन्सो डाग सुरेख येतो, म्हणजे ट्रान्सफर झालंय. तुलनेसाठीचं प्रोटीन ॲक्टिन झकास. टोटल स्टॅट-१ (फॉस्फेट असो वा नसो) सुद्धा दिसतो, दोन बँड, ९१ आणि ८४ किलोडाल्टनला. फक्त फॉस्फोच्या मेम्ब्रेनवर काही नाही.

आमच्या एका सीनियरने हीच कुपी वापरून ए५४९ पेशींवर छान बँड काढलाय म्हणून लॅबमध्ये सगळे म्हणतायत की अँटीबॉडी चांगली आहे, तुझ्या हातात काहीतरी चुकतंय. कंपनीच्या कागदावर माणूस आणि उंदीर दोन्ही लिहिलंय पण मला वाटायला लागलंय की ही उंदरावर चालतच नाही. नवीन मागवायची तर सहा-आठ आठवडे जातील आणि पुढच्या महिन्यात कमिटी मीटिंग आहे. काय करू?

बेंचवरचा | मंगळवार, रात्री ११:५८

आधी सांग, फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारी एन्झाइम) अडवायला व्हॅनाडेट कुठलं वापरतेस? स्वतः उकळून केलेलं की नुसतं विरघळवलेलं?

रानजाई | बुधवार, रात्री १२:१०

लॅबमधली जुनी बाटली आहे दादा. पिवळसर आहे. उकळायचं असतं का?

बेंचवरचा | बुधवार, रात्री १२:३१

पिवळसर म्हटलंस तिथेच मला शंका आली. सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट पाण्यात विरघळवलं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून डेकाव्हॅनाडेट होतं, तो पिवळा रंग त्याचाच, आणि ते टायरोसीन फॉस्फेटेजला नीट अडवत नाही. २०० मिलिमोलर कर, पीएच १० ला आण, उकळ, उकळता उकळता रंग उडून पाण्यासारखं स्वच्छ होतं, मग गार करून पीएच परत बघ कारण तो सरकतो आणि पिवळेपणा परत येतो, परत १० ला आण, परत उकळ. पीएच १० ला येऊनही बिनरंगाचं राहिलं की झालं. छोट्या नळ्यांत भरून उणे २० ला ठेव आणि लायसिस बफरमध्ये अगदी आयत्या वेळी घाल, १ मिलिमोलर.

आणखी एक, तुझ्या बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी भरपूर असेल तर व्हॅनाडेट घालून उपयोग नाही. ईडीटीए त्याला धरून ठेवतं, डीटीटी त्याला क्षपित करतं. मी स्वतः सहा महिने या चुकीत घालवलेत म्हणून एवढं सांगतोय.

पेशी फोडल्या की आतली सगळी फॉस्फेटेज मोकाट सुटतात. बर्फावर असलीस तरी तू पिपेट हातात घेईपर्यंत त्या कामाला लागलेल्या असतात. अँटीबॉडीला बिचारीला बघायला काही उरत नाही, आणि दोष तिच्यावर.

सांजवारा | बुधवार, सकाळी ८:१५

दूध वापरतेस का ब्लॉकिंगला, म्हणजे मेम्ब्रेनवरच्या मोकळ्या जागा झाकायला? फॉस्फो अँटीबॉडीला दूध चालत नाही, त्यातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घे.

निळाई | बुधवार, सकाळी ९:०२

सांजवारा, हे सगळीकडे सांगितलं जातं आणि बीएसए घ्यायला माझी हरकत नाहीच, पण कारण जसंच्या तसं इथे लागू होत नाही. केसिनवरचे फॉस्फेट सेरीनवर असतात. ही अँटीबॉडी टायरोसीन ७०१ आणि त्याच्या आजूबाजूची अमिनो आम्लं एकत्र ओळखते, ती केसिनला कशाला चिकटेल. दुधाने सिग्नल थोडा दबू शकतो, पार्श्वभूमी बदलू शकते, पण तीन ब्लॉट पूर्ण कोरे दुधाने होत नाहीत. कागदावर बीएसए लिहिलं असेल तर बीएसए, विषय संपला.

कट्टेकर | बुधवार, सकाळी १०:२०

मी बँकेतला माणूस, तरी हे सगळं वाचतोय कारण मुलगी बायोटेकला आहे आणि घरी हेच शब्द कानावर पडतात. कोणी सोप्या भाषेत सांगेल का की ही अँटीबॉडी नक्की काय बघते? आणि प्रोटीन तेच असताना एक दिसतं आणि एक दिसत नाही म्हणजे काय?

निळाई | बुधवार, दुपारी १:४०

कट्टेकर काका, सांगते, डबा खाता खाता लिहितेय त्यामुळे चुकलं तर कोणीतरी दुरुस्त करा.

इंटरफेरॉन गॅमा ही टी पेशी आणि एनके पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींनी मारलेली हाक. इंटरफेरॉन हे नावच १९५७ चं, लंडनच्या मिल हिलमधल्या संस्थेत आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी ठेवलं, पण ही हाक पेशीच्या पृष्ठभागावरून आतल्या जनुकांपर्यंत कशी पोचते ते कळायला १९९० चं दशक उजाडलं. रॉकफेलर विद्यापीठात जेम्स डार्नेल, आणि त्यांच्यासोबत जॉर्ज स्टार्क आणि इयन कर यांच्या लॅब, यांनी तो रस्ता उलगडला. हाक रिसेप्टरवर आदळली की आतल्या बाजूला चिकटलेली जॅक-१ आणि जॅक-२ ही एन्झाइम जागी होतात, रिसेप्टरच्या शेपटीवर फॉस्फेट लावतात, तिथे स्टॅट-१ येऊन टेकतो आणि मग त्याच्या ७०१ व्या जागेवरच्या टायरोसीनवर एक फॉस्फेट बसतो. एकच. १९९३ मध्ये दाखवलं गेलं की तो एक टायरोसीन काढून घेतला तर पूर्ण हाक वाया जाते. फॉस्फेट बसला की दोन स्टॅट-१ एकमेकांत अडकतात, याचा फॉस्फेट त्याच्या खोबणीत आणि त्याचा याच्या, आणि जोडीने केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतात.

आता ७५० अमिनो आम्लांच्या प्रोटीनवर एवढासा फॉस्फेट. तो बसलाय की नाही हे ओळखणारी अँटीबॉडी करायची तर ७०१ च्या आसपासचा छोटा तुकडा फॉस्फेटसकट कृत्रिमरीत्या बनवतात आणि सशाला टोचतात. सशाच्या रक्तात दोन्ही प्रकार तयार होतात, फॉस्फेट असला तरच धरणारे आणि नसला तरी धरणारे. मग ते सीरम बिनफॉस्फेटच्या तुकड्यांच्या कॉलममधून काढतात, नको असलेले तिथे अडकून राहतात आणि हवे ते खाली येतात. मोनोक्लोनल असेल तर त्या सशाच्या पेशींमधून नेमकी एक निवडून तिचीच वाढ करतात. म्हणून टोटल अँटीबॉडी सांगते घरात माणसं किती, आणि फॉस्फोवाली सांगते की आत्ता या क्षणी जागी किती.

कट्टेकर | बुधवार, दुपारी २:०५

वा, धन्यवाद. शेवटचं वाक्य मुलीला वाचून दाखवलं, ती म्हणाली बरोबर आहे.

बेंचवरचा | बुधवार, दुपारी ४:३०

निळाई, छान लिहिलंय. फॉस्फोटायरोसीन सापडला तो किस्सा पण सांगायला हवा, माझ्या फार आवडीचा. १९७९ मध्ये साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर इलेक्ट्रोफोरेसिस करत होते, बफर जुना झालेला, पीएच १.९ हवा तो १.७ वर उतरलेला. नेहमीच्या पीएचला फॉस्फोथ्रिओनीन आणि फॉस्फोटायरोसीन एकाच ठिकाणी पळतात, वेगळे कळतच नाहीत. जुन्या बफरमध्ये ते सुटे झाले आणि एक अनोळखी डाग दिसला. ताजा बफर घातला असता तर त्या दिवशी तरी दिसला नसता. पण रानजाई, तुझा व्हॅनाडेट मात्र ताजाच कर.

रानजाई | शनिवार, संध्याकाळी ७:१८

अपडेट देतेय. व्हॅनाडेट नवीन केलं, चार वेळा उकळावं लागलं, शेवटी पाण्यासारखं झालं. ईडीटीए काढलं. बीएसए घेतलं. पेशी बर्फासारख्या थंड बफरने एकदाच धुऊन लगेच फोडल्या. प्रायमरी अँटीबॉडी रात्रभर ४ अंशाला. तरीही कोरा. आज दुपारी इमेजरसमोर दहा मिनिटं एक्सपोजर ठेवून बसले होते, स्क्रीनवर नुसतं राखाडी. इंटरफेरॉनच्या तिन्ही लेन रिकाम्या.

आता खरंच वाटतंय की अँटीबॉडी उंदराला चालत नाही. सोमवारी सरांना सांगून ऑर्डर टाकते.

राईनकाठ | शनिवार, रात्री ९:५०

थांब, ऑर्डर टाकू नकोस. मी जर्मनीत आहे, हेच काम करते, धागा आत्ताच वाचला. मला मेम्ब्रेनवरच्या सगळ्या लेन क्रमाने सांग. सगळ्या, तुला ज्या महत्त्वाच्या वाटत नाहीत त्या पण.

रानजाई | शनिवार, रात्री १०:१२

ताई, क्रमाने अशा: मार्कर, काही न दिलेल्या पेशी, इंटरफेरॉन १५ मिनिटं, ३० मिनिटं, ६० मिनिटं. शेवटची लेन एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक) ४ तास, ती दुसऱ्या प्रयोगाची, जागा होती म्हणून घातली होती. त्या शेवटच्या लेनमध्ये लांब एक्सपोजरला फिकट काहीतरी दिसतं ९० च्या आसपास, दोन रेघा आहेत बहुतेक, पण मी इंटरफेरॉन बघतेय त्यामुळे ते नॉनस्पेसिफिक म्हणून सोडून दिलं. चित्र कापताना ती लेन काढूनच टाकते.

राईनकाठ | शनिवार, रात्री १०:४०

अगं ती लेनच तर सगळं सांगतेय.

एलपीएस दिलं की टीएलआर-४ या रिसेप्टरमधून जनुकं चालू करणारा आयआरएफ-३ जागा होतो, मॅक्रोफेज स्वतःच इंटरफेरॉन बीटा तयार करून बाहेर सोडतात, तेच बीटा परत त्यांच्याच रिसेप्टरवर येऊन बसतं आणि मग स्टॅट-१ वर फॉस्फेट लागतो. म्हणून ते पंधरा मिनिटांत दिसत नाही, दोन-चार तास लागतात. तुझ्या ४ तासांच्या लेनमध्ये ९१ आणि ८४ ला जोडी दिसतेय, म्हणजे स्टॅट-१ ची अल्फा आणि बीटा दोन्ही रूपं. ८४ वाल्याला फक्त मागचा तुकडा नसतो, ७०१ त्याच्यातही असतोच. नॉनस्पेसिफिक बँड अशी नेमकी जोडी करून येत नाही.

याचा अर्थ बघ. अँटीबॉडी उंदराचा फॉस्फो-स्टॅट-१ ओळखते. व्हॅनाडेट काम करतंय. ब्लॉटिंग ठीक आहे. तुझ्या हातात काहीच चुकत नाहीये. उरली एकच गोष्ट, तू बाहेरून देतेस ते इंटरफेरॉन. पेशी कुठल्या? आणि इंटरफेरॉनच्या नळीवर काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचून सांग.

रानजाई | शनिवार, रात्री १०:४९

पेशी रॉ २६४.७. इंटरफेरॉन सीनियरचंच आहे, ए५४९ ला वापरलं तेच, फ्रीझरमध्ये त्याच्या आद्याक्षरांच्या नळ्या आहेत, नुसतं "गॅमा" आणि तारीख लिहिलंय. मूळ डबा सोमवारी बघते. पण त्याच्याकडे तर ते उत्तम चाललं होतं.

निळाई | शनिवार, रात्री ११:०५

अरे देवा. ए५४९ माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी, रॉ उंदराच्या.

राईनकाठ | शनिवार, रात्री ११:२०

तेच. इंटरफेरॉन गॅमा जातीपुरतं असतं. माणसाच्या आणि उंदराच्या गॅमामध्ये अमिनो आम्लांचं साम्य जेमतेम ४० टक्क्यांच्या आसपास आहे, माणसाचं गॅमा उंदराच्या रिसेप्टरवर बसत नाही. तू पेशींना हाक मारतेयस पण त्यांना न समजणाऱ्या भाषेत. स्टॅट-१ मात्र दोघांत इतका सारखा आहे की ७०१ भोवतीचा तुकडा अँटीबॉडीला सारखाच दिसतो. म्हणून अँटीबॉडी दोघांना चालते आणि इंटरफेरॉन दोघांना चालत नाही. सीनियरचं आणि तुझं, दोघांचंही खरं होतं.

सोमवारी डब्यावर मानवी लिहिलेलं निघालं तर शेजारच्या लॅबमधून उंदराचं गॅमा थोडं मागून घे, पुण्यात कोणाकडे तरी असेलच. आणि ब्लॉटमध्ये एवढं कर: एक लेन उंदराचं गॅमा, एक लेन तुमचं जुनं गॅमा, एक लेन उंदराच्या गॅमाच्या आधी तासभर रुक्सोलिटिनिब. ते जॅक-१ आणि जॅक-२ दोघांना अडवतं, तिथे बँड गायब व्हायला हवा. शिवाय एक लायसेट लॅम्डा फॉस्फेटेज लावून चालव. फॉस्फेट काढल्यावर बँड गेला म्हणजे अँटीबॉडी खरंच फॉस्फेटच बघतेय हे कोणालाही दाखवता येतं. त्या लायसेटमध्ये मात्र व्हॅनाडेट घालू नकोस, नाहीतर लॅम्डालाही तेच अडवेल. कमिटीसमोर हा एक ब्लॉट दहा स्लाइडपेक्षा जास्त बोलेल.

अबोली | रविवार, सकाळी ११:३०

मी मुंबईत फ्लो सायटोमेट्रीच्या (रंगीत टॅग लावून पेशी एकेक मोजायच्या) लॅबमध्ये आहे. हा धागा वाचून राहवलं नाही कारण आमच्याकडे हीच अँटीबॉडी, रंगीत टॅग लावलेली, निदानासाठी लागते.

आपल्याकडे बाळ जन्मलं की बीसीजी टोचतात, डाव्या दंडावर. बहुतेक बाळांना काही होत नाही. पण काही थोड्या बाळांत त्या लशीतलाच जंतू पसरतो, आधी डाव्या काखेत गाठ, मग ताप, वजन वाढत नाही, यकृत-प्लीहा वाढतात. अशा वेळी ज्या गोष्टी तपासायच्या त्यात इंटरफेरॉन गॅमाचा रस्ता शाबूत आहे का ही एक मोठी गोष्ट. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांचं काम बरीच वर्षं चाललंय.

तपासणी थोडक्यात अशी: हेपॅरिनच्या नळीत थोडं रक्त, त्यातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना १५ मिनिटं इंटरफेरॉन गॅमा, लगेच फॉर्मल्डिहाइडने गोठवायचं, मग थंडगार मिथेनॉल. हे मिथेनॉल फार महत्त्वाचं, कारण निळाईताईंनी सांगितलं तसे दोन स्टॅट-१ एकमेकांत अडकलेले असतात आणि ७०१ नेमका त्या मिठीत दडलेला असतो, मिथेनॉलने प्रोटीन उलगडलं की मगच अँटीबॉडी तिथे पोचते. साध्या साबणाने पेशी भोकं पाडून ठेवल्या तर निरोगी माणसातही काही दिसणार नाही. आणि मिथेनॉल पीईसारखे काही रंग मारून टाकतं म्हणून पृष्ठभागावरचे मार्कर कुठल्या रंगात घ्यायचे हे आधी ठरवावं लागतं.

गॅमा दिल्यावर आलेखातलं फॉस्फोचं शिखर उजवीकडे सरकलं नाही (म्हणजे वाढलं नाही) आणि इंटरफेरॉन अल्फा (त्याचा रिसेप्टर वेगळा) दिल्यावर सरकलं, तर स्टॅट-१ ठीक आहे आणि दोष गॅमाच्या रिसेप्टरकडे. गॅमाचा रिसेप्टर पूर्ण नसेल तर बाहेरून गॅमाची इंजेक्शनं देऊन उपयोग नसतो, बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार करावा लागतो. म्हणजे त्या एका शिखरावर घरच्यांचा पुढचा सगळा निर्णय उभा असतो. म्हणून बाळाच्या नळीबरोबर निरोगी माणसाची नळी त्याच डब्यातून, त्याच प्रवासातून आल्याशिवाय आम्ही रिपोर्टवर काही लिहीत नाही. उन्हात दोन तास राहिलेल्या रक्तातही शिखर सरकत नाही, आणि ते बाळाच्या जनुकांमुळे नसतं.

बेंचवरचा | रविवार, दुपारी १२:१०

अबोली, हे फार मोलाचं लिहिलंत. उलटा आजार पण असतो ना, स्टॅट-१ जास्तच चालू राहण्याचा?

अबोली | रविवार, दुपारी १२:४५

हो, गेन ऑफ फंक्शन. २०११ मध्ये कळलं की तोंडात, नखांत, त्वचेवर वर्षानुवर्षं कॅन्डिडा बुरशी असणाऱ्या बऱ्याच रुग्णांत स्टॅट-१ च्या एकाच प्रतीत असा बदल असतो. त्यांच्यात फॉस्फोचं शिखर जास्त सरकतं आणि लवकर परत येत नाही. आधी वाटत होतं की फॉस्फेट निघत नाही म्हणून असं होतं, पुढे दिसलं की अशा पेशींत एकूण स्टॅट-१ च जास्त असतो. म्हणून टोटल बघितल्याशिवाय फॉस्फोवर बोलायचं नाही, ब्लॉट असो की फ्लो. अशा काही रुग्णांना राईनकाठ ताई म्हणाल्या तेच रुक्सोलिटिनिब देतात आणि फरक पडतो.

सांजवारा | रविवार, दुपारी १:२०

दुधाबद्दल निळाईचं पटलं. मी पण इतकी वर्षं नुसतंच ऐकून सांगत होतो.

रानजाई | सोमवार, सकाळी १०:५५

मूळ डबा सापडला, खालच्या खणात बर्फाखाली. "रिकॉम्बिनंट ह्यूमन". शेजारच्या लॅबमधल्या एका ताईंनी उंदराच्या गॅमाची एक नळी दिली. आजच पेशी लावते.

रानजाई | गुरुवार, रात्री ८:३३

आला!!

उंदराचं गॅमा, १५ मिनिटं: दोन बँड, ९१ आणि ८४, वीस सेकंदांच्या एक्सपोजरला. ३० मिनिटांना आणखी गडद. रुक्सोलिटिनिबच्या लेनमध्ये काही नाही. जुन्या गॅमाच्या लेनमध्ये काही नाही. लॅम्डा लावलेल्या लेनमध्ये काही नाही. आणि टोटलच्या मेम्ब्रेनवर सगळ्या लेन सारख्या. आधीच्या कोऱ्या ब्लॉटच्या वेळचे लायसेट उणे ८० ला होते ते पण शेजारी चालवले, एलपीएसच्या लेनमधली जोडी या बँडच्या अगदी रेषेत आली. म्हणजे पहिल्या दिवसापासून अँटीबॉडी बरोबर सांगत होती आणि मीच ती लेन कापत होते.

राईनकाठ ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. बेंचवरचा दादा, व्हॅनाडेट आता पूर्ण लॅबसाठी मी करून ठेवलंय. सीनियरने स्वतःच त्याच्या सगळ्या नळ्यांवर "मानवी गॅमा" लिहून घेतलं, दोघं मिळून बसलो होतो मार्कर घेऊन.

एक शंका उरलीये. २४ तास गॅमा दिलेल्या पेशींत फॉस्फो परत खाली येतो पण टोटल खूप वाढलेला दिसतो. हे बरोबर आहे ना?

राईनकाठ | गुरुवार, रात्री ९:१०

एकदम बरोबर. स्टॅट-१ चं जनुक स्वतः इंटरफेरॉनने वाढणाऱ्या जनुकांपैकीच आहे, आणि केंद्रकातली टीसी-पीटीपी ही फॉस्फेटेज फॉस्फेट काढत राहते, शिवाय सॉक्स-१ हे प्रोटीन जॅकना आवर घालतं. म्हणून २४ तासांच्या लेनला फॉस्फो भागिले टोटल केलंस तर आकडा फारच लहान येईल, त्याला घाबरू नकोस, दोन्ही मेम्ब्रेन शेजारी शेजारी दाखव. फॉस्फो आणि टोटल एकाच मेम्ब्रेनवर स्ट्रिप करून (आधीची अँटीबॉडी धुऊन काढून) करू नकोस, दोन जेल चालव.

आणि कमिटीला चित्र न कापता दाखव.